आरमार कोणीं बांधलें आणि कोणीं बुडविलें?

सन २०२५ च्या जुलै महिन्याच्या ११ तारखेस पॅरिस येथें भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकींत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या बारांत आमच्या नाशिक जिल्ह्यांतील, बागलाणचा साल्हेर आहे. १६७२ सालीं याच साल्हेरच्या पायथ्याशीं मोंगलांच्या मोठ्या फौजेला उघड्या मैदानांत पाठ दाखवावी लागली. तेव्हां साल्हेरचें नांव यादींत पाहून आमच्या लोकांस अभिमान वाटला, हें योग्यच झालें. परंतु त्याच यादींत आणखी चार नांवें आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. हीं नांवें आमच्यापैकीं कितीजणांनीं लक्ष देऊन वाचलीं? हे चारही किल्ले समुद्राच्या पाण्यांत किंवा पाण्याच्या कांठावर उभे आहेत. निफाडच्या द्राक्षवाल्याला, लासलगांवच्या कांदेवाल्याला, येवल्याच्या विणकराला आणि नाशिकच्या तांबटाला खाऱ्या पाण्याशीं काय करावयाचें आहे, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, हे किल्ले त्याच्याच जातभाईंनीं, म्हणजे हातानें काम करणाऱ्या लोकांनीं उभे केले, त्यांनींच राखले, आणि त्यांच्या हातांतून ते कसे गेले हें जर आम्ही समजून घेतलें नाहीं, तर उद्यां आमच्या हातांत जें आहे तेंही त्याच वाटेनें जाईल.

म्हणून आज आम्ही आरमाराचा जमाखर्च मांडतों. जमेच्या बाजूस घाम कोणाचा आहे आणि खर्चाच्या बाजूस सही कोणाची आहे, एवढेंच वाचकांनीं पाहावें.

शिवाजी महाराज डोंगरांत जन्मले, डोंगरांत वाढले. घोडा, भाला आणि कडेकपारी हें त्यांचें बळ. परंतु १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हातीं येतांच त्यांनीं ओळखलें कीं, ज्याच्या ताब्यांत समुद्र नाहीं त्याच्या दाराला कडी नाहीं. थोड्याच दिवसांत कल्याणच्या खाडींत जहाजें बांधण्यास आरंभ झाला. प्रारंभीं या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. महाराजांचें आरमार उभें राहणें वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांस खपेना. त्यांच्या चिथावणीनें ते कारागीर काम टाकून पळून गेले. मग काम बंद पडलें काय? नाहीं. इकडच्याच सुतारांनीं, लोहारांनीं आणि दर्यावर्दी लोकांनीं तें पुढें चालविलें. १६६४ च्या नोव्हेंबरांत मालवणासमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला व १६६७ सालीं किल्ला पुरा झाला. त्याच्या आधींच, १६६५ च्या फेब्रुवारींत, महाराज स्वतः पंचाऐंशी गलबतें व तीन मोठीं जहाजें घेऊन दूर कर्नाटकांतील बसरूरच्या बंदरावर समुद्रमार्गानें गेले. आठ वर्षांपूर्वीं ज्याच्यापाशीं एक नाव नव्हती, त्याचें हें काम!

आतां हीं जहाजें कसलीं होतीं तें आमच्या घांटावरच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे. मोठ्या जहाजाला गुराब म्हणत. तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत व नाळेवरच्या तोफा पुढें तोंड करून ठेवीत. गलबत हें त्याहून लहान. शिडावर चाले आणि वारा पडला कीं चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चाले. वारा नसला म्हणजे विलायती जहाज चिखलांत रुतलेल्या गाडीसारखें जागच्या जागीं उभें राही. अशा वेळीं आमचीं गलबतें दोरानें गुराबा ओढीत व त्या जहाजाच्या पिछाडीस नेऊन उभ्या करीत, कारण त्याच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत, मागें थोड्या. गुराबेंतून डोलकाठ्यांवर मारा होई, आणि शिडें पडलीं कीं गलबतांतले लोक तलवारी घेऊन वर चढत. ही युक्ति कोण्या पोथींत लिहिलेली नव्हती. वारा, भरती-ओहोटी आणि खडक हातच्या रेषांप्रमाणें ओळखणाऱ्या माणसांची ती विद्या होती.

तीं माणसें कोण? कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि मुसलमान दालदी. आरमाराच्या सरदारांत दर्यासारंग होता, दौलतखान होता आणि मायनाक भंडारी होता. मुसलमान आणि भंडारी खांद्याला खांदा लावून एका निशाणाखालीं लढले. त्यांच्यामागें आणखी हजारों होते, ज्यांचे पाय कधीं डेकावर पडले नाहींत. शीड कोणीतरी विणलें, दोर कोणीतरी वळले, खिळे कोणीतरी घडविले, फळ्या कोणीतरी कापल्या, खलाशाच्या पोटाला लागणारें धान्य कोणीतरी पिकविलें. आरमार म्हणजे सगळ्या बलुत्यांचें मिळून एक तरंगतें गांव होतें.

आणि त्या गांवाचा कारभार कसा होता पाहा. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. हे अमात्य ब्राह्मण होते, आणि चांगल्याला चांगलें म्हणण्यास आम्ही कधीं कचरत नाहीं. जहाजांसाठीं लांकूड लागतें, म्हणून काय वाटेल तीं झाडें तोडावीं काय? अमात्य सांगतात कीं, सागवान वगैरे रानांतलें घ्यावें. पण आंबे-फणस हीं रयतेनें पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेलीं झाडें आहेत, त्यांस हात लावूं नये. एखादें झाड अगदीं जुनें होऊन कामांतून गेलें असेल, तर धन्याची समजूत घालून, त्यास पैसे देऊन, राजीखुषीनें तोडावें. पावसाळ्यांत आरमार नांगरून ठेवावयाचें, तेंही दरसाल एकाच बंदरांत ठेवूं नये, कारण त्याचा उपद्रव एकाच ठिकाणच्या रयतेस होतो. शेतकरी बंधूंनो, सरकारी कामासाठीं तुमच्या बांधावरचें झाड जातें तेव्हां तुमची समजूत कोण घालतो, हें तुमचें तुम्हीं आठवून पाहा. महाराजांच्या राज्याला रयतेचें राज्य कां म्हणतात, हें या एका आंब्याच्या झाडावरून कळतें.

अशा राज्यासाठीं माणसें कशीं लढतात, तें खांदेरीनें दाखविलें. मुंबईच्या तोंडाशीं, थळच्या समोर समुद्रांत खांदेरी नांवाचें लहानसें बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मायनाक भंडारी सुमारें दीडशे माणसें व चार लहान तोफा घेऊन त्या ओसाड बेटावर उतरला आणि दगडावर दगड रचूं लागला. मुंबईच्या इंग्रजांस वाटलें कीं, आपल्या उंबऱ्यावर कोणी खुंटा ठोकतो आहे. त्यांनीं नाकेबंदी केली. १९ सप्टेंबर रोजीं त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरूं गेला, तो तेथेंच मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या पहांटे दौलतखानानें पन्नासांच्या वर गलबतें घेऊन इंग्रजांच्या आठ जहाजांवर झडप घातली. अर्ध्या तासांत ‘डव्ह’ नांवाची त्यांची गुराब आमच्या हातीं लागली. कित्येक जहाजें पळालीं. ‘रिव्हेंज’ नांवाचें मोठें जहाज मात्र एकटें टिकून राहिलें. त्याच्या तोफांनीं आमचीं कांहीं गलबतें बुडविलीं आणि दौलतखानास मागें फिरावें लागलें. जें झालें तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु खरी लढाई त्या दिवसाची नव्हती. ती रोज रात्रीं होई. अंधार पडला कीं धान्य, दारूगोळा आणि चुना भरलेले लहान पडाव विलायती जहाजांच्या मधून सरकत आणि बेटाला लागत. मोठीं जहाजें त्यांच्यामागें वळेपर्यंत ते परत किनाऱ्याला आलेले असत. दिवसा गोळे झेलावयाचे, रात्रीं भिंत वाढवावयाची. पुढें सिद्दीही इंग्रजांच्या मदतीस आला. तरी भिंत उठली ती उठलीच. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं नाद सोडला. तोफ मोठी कीं छाती मोठी, याचा निकाल खांदेरीवर लागला.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. खांदेरीच्या लढाईची ही तारीखवार हकीकत आम्हांस कोठून मिळते? बव्हंशीं इंग्रजांच्या पत्रांतून आणि वह्यांतून! आमच्या पूर्वजांच्या शौर्याची साक्ष शत्रूच्या दप्तरांत आहे. इंग्रज आपल्या जहाजावर रोजनिशी ठेवी. कोणता वारा होता, कोणता शिपाई पडला, कोणास किती पगार, सगळें लिही. आमच्याकडे वल्हें मारणाऱ्याला अक्षर येत नव्हतें, आणि ज्याला अक्षर येत होतें तो वल्ह्याजवळ येत नव्हता. शास्त्रांनीं समुद्र ओलांडणें कलियुगांत निषिद्ध ठरविलें होतें. आमच्या नाशिकजवळ आनंदवल्लीस राहिलेल्या रघुनाथराव पेशव्यांनीं १७८१ च्या सुमारास आपले वकील विलायतेस पाठविले, तेव्हां परत आल्यावर त्यांतल्या ब्राह्मण वकिलास प्रायश्चित्त घ्यावें लागलें. जेथें समुद्रावर गेल्यानें माणूस बाटतो, तेथें समुद्रावर मरणाऱ्याचें नांव कोण लिहिणार? कोळ्या-भंडाऱ्यांस मात्र हा निषेध कधीं शिवला नाहीं, कारण त्यांना पोट होतें.

नाशिकच्याच एका वस्तूचें उदाहरण देतों. पंचवटींत गोदावरीच्या कांठीं १७४७ सालीं बांधलेलें नारोशंकराचें देऊळ आहे. त्याची प्रचंड घंटा सर्वांच्या माहितीची आहे. गंगेला पूर आला कीं पाणी घंटेपर्यंत चढलें काय, असें आमच्या बायाबापड्याही विचारतात. घंटेवर १७२१ साल आहे आणि ती मूळची पोर्तुगीजांची. १७३९ सालीं वसई जिंकल्यावर ती तिकडून आली, अशी परंपरा आहे. वसईची लढाई साधी नव्हती. खाडीच्या चिखलांत उभें राहून तटाखालीं सुरुंग खणणारीं आणि शिड्या लावणारीं हजारों माणसें तेथें पडलीं. चिमाजीअप्पांचें नांव राहिलें. तें राहावें, ते शूर होते. घंटेला सरदाराचें नांव लागलें. परंतु सुरुंग खणणाऱ्या बेलदारांचें, वडारांचें नांव कोठें आहे? घंटेचा आवाज कोसभर जातो; त्या आवाजांत त्यांचें नांव मात्र कोणी घेत नाहीं.

आतां खर्चाच्या बाजूकडे वळूं.

महाराजांच्या मागें आरमार राखलें तें कान्होजी आंग्र्यांनीं. मुंबईपासून खालीं विजयदुर्गापर्यंतचा किनारा त्यांच्या धाकांत होता. त्यांचें दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी जहाज सुखरूप जात नसे. इंग्रजांनीं त्यांस चांचा म्हटलें, आणि आमच्यांतल्या कित्येक शहाण्यांनींही तीच री ओढली. परंतु आपल्या पाण्यांतून जाणाऱ्याकडून परवाना मागणें ही जर चांचेगिरी, तर पोर्तुगीज शे-दोनशे वर्षें याच समुद्रावर परवाने विकत होते, ते कोण? गोऱ्यानें घेतला तो कर आणि काळ्यानें घेतली ती लूट, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. इंग्रजांनीं १७१७ सालीं विजयदुर्गावर, १७१८ सालीं खांदेरीवर हल्ले केले, दोन्ही फसले. १७२१ च्या डिसेंबरांत इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर चालून आले, इंग्लंडच्या राजाचीं लढाऊ जहाजें घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला. तोही हात हलवीत परत गेला. १७२९ सालीं कान्होजी वारले, तेव्हां आंग्र्यांच्या आरमारास पश्चिम किनाऱ्यावर तोड नव्हती.

जें शत्रूला साधलें नाहीं, तें घरच्यांनीं साधून दिलें. कान्होजींच्या मागें वडील मुलगा सेखोजी चार वर्षांतच गेला आणि संभाजी व मानाजी या भावांत वांटणीचें भांडण लागलें. एकानें कुलाबा धरला, दुसऱ्यानें सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग. मानाजीनें भावाविरुद्ध कधीं पोर्तुगीजांचा, कधीं इंग्रजांचा, कधीं पेशव्यांचा हात धरला. १७३५ सालीं बाजीरावांनीं मधें पडून दौलतीचे दोन तुकडे केले. भावाभावांचें भांडण मिटलें नाहीं. आरमार मात्र अर्धें-अर्धें झालें. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा. ब्राह्मणेतर म्हणविणाऱ्या आमच्या बंधूंनीं हा भाग डोळे मिटून ओलांडूं नये. सगळा दोष पुण्यावर टाकून आपण मोकळे होऊं पाहिलें, तर तो इतिहास नव्हे, ती स्वतःची फसवणूक होईल. दार आंतून उघडलें गेलें, मगच बाहेरचा आंत आला.

परंतु दार उघडें दिसलें म्हणून कोणास बोलावून आणावें, हें ठरविणारा पुण्यास होता. संभाजीच्या मागें तुळाजी आंग्रे आला. तो शूर होता आणि उद्दामही होता. तो पेशव्यांस जुमानीना, शेजारच्या बंदरांस उपद्रव देई. १७५४ सालीं त्यानें डच लोकांचीं तीन जहाजें गांठलीं. दोन जाळलीं, एक धरलें. त्यास वठणीवर आणणें हें सरकारचें काम होतें; आम्ही नाहीं म्हणत नाहीं. तें काम नानासाहेब पेशव्यांनीं कसें केलें? १९ मार्च १७५५ रोजीं मुंबईकर इंग्रजांशीं तह झाला. पेशव्यांचें आरमार आणि इंग्रजांचें आरमार मिळून तुळाजीवर जावयाचें, आणि दोन्ही आरमारांचा हुकूम चालावयाचा इंग्रजांचा! शिवाय बाणकोट व त्याखालचीं गांवें इंग्रजांस द्यावयाचीं. म्हणजे घरांतल्या दांडग्या भावाला आवरण्यासाठीं शेजारच्या दरवडेखोराच्या हातांत काठीही दिली आणि घराची किल्लीही दिली.

पुढचें सगळें त्यांतूनच आलें. एप्रिल १७५५ च्या पहिल्याच आठवड्यांत कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्गावर गोळे टाकले. दारूखाना उडाला आणि किल्ला पडला. १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन व कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गाच्या खाडींत शिरले. निघण्यापूर्वींच मुंबईस बसून इंग्रज अधिकाऱ्यांनीं लुटीची वांटणी आपसांत ठरविली होती. तींत पेशव्यांच्या फौजेस कवडी नव्हती. तुळाजी बोलणें लावण्यासाठीं पेशव्यांच्या छावणींत गेला, तो तेथेंच अडकला. १२ फेब्रुवारीस दुपारीं तोफा सुरू झाल्या. एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हें जहाज आंग्र्यांनीं पूर्वीं इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलें होतें. तें पेटलें. किल्ल्याच्या आसऱ्याला गुराबा व गलबतें एकमेकांस लागून बांधलेलीं होतीं. या दोरावरून त्या दोरावर, या शिडावरून त्या शिडावर आग गेली, आणि जें उभें करावयास तीन पिढ्या लागल्या तें आरमार घटका-दोन घटकांत जळून पाण्यावर राख झालें. दुसऱ्या दिवशीं किल्ल्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. दहा लाखांच्या वर रुपयांची लूट त्यांनीं आपसांत वांटून घेतली. पेशव्यांची फौज खालीं उभी राहून पाहत राहिली. ठरल्याप्रमाणें किल्ला द्या म्हणून पुण्याहून पत्रांवर पत्रें गेलीं. तो ऑक्टोबरांत नवा तह होऊन मिळाला. तुळाजी मरेपर्यंत कैदेंत राहिला.

वाचकहो, त्याच वॉटसनचीं जहाजें आणि तोच क्लाइव्ह विजयदुर्गाहून मद्रासेस व मद्रासेहून बंगाल्यांत गेले. जानेवारी १७५७ मध्यें त्यांनीं कलकत्ता परत घेतलें आणि २३ जून १७५७ रोजीं प्लासीची लढाई झाली. शाळेंतल्या पुस्तकांत इंग्रजी राज्याचा पाया प्लासीस पडला असें लिहितात. आम्ही म्हणतों, त्या पायाचा दगड सोळा महिने आधीं विजयदुर्गाच्या खाडींत घडविला गेला, आणि तो उचलण्यास हात आमचाच लागला. पुढें बासष्ट वर्षांनीं, १८१८ सालीं, त्याच इंग्रजांनीं पेशवाई बुडविली, तेव्हां पश्चिम किनाऱ्यावर त्यांस अडविणारें कोणी शिल्लक नव्हतें.

यावर आमचे विद्वान मित्र दोन आक्षेप घेतील. पहिला असा कीं, तुळाजी बंडखोर होता, मग पेशव्यांनीं करावें काय? उत्तर सोपें आहे. बंडखोर सरदार शिवाजी महाराजांसही भेटले होते. बैल मारका निघाला तर त्यास वेसण घालावी. खाटकास गोठा दाखवूं नये. तुळाजीला कैद करून आरमार राखतां आलें असतें. माणसाचा राग काढण्यासाठीं राज्याचें अंग जाळणें हा कोठला राजधर्म? दुसरा आक्षेप असा कीं, पेशव्यांनीं पुढें विजयदुर्गास आपलें आरमार ठेवलें होतें. खरें आहे. १७८३ च्या एप्रिलांत त्या आरमाराच्या आनंदराव धुळपांनीं ‘रेंजर’ हें इंग्रजी जहाज झुंजून धरलें; धुळपांच्या व त्यांच्या खलाशांच्या मर्दुमकीला आमचा मुजरा आहे. पण सालबाईचा तह झालेला होता म्हणून तें जिंकलेलें जहाज परत द्यावें लागलें. हात तेच होते, छाती तीच होती. समुद्रावरचा मालक मात्र बदलला होता. १७५६ च्या आगीचा अर्थ हाच.

आम्हांस कोणा जातीचा द्वेष करावयाचा नाहीं. आज्ञापत्र लिहिणारा अमात्यही ब्राह्मण होता आणि साल्हेरच्या विजयांत मोरोपंत पिंगळेही होते. आमचा झगडा एका रीतीशीं आहे. राबणारा एक आणि ठरविणारा दुसरा. मरणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही ती रीत. जेथें समुद्र जाणणाऱ्या माणसाला समुद्राविषयीं निर्णय करण्याचा अधिकार नसतो, तेथें आरमार असेंच जळतें. आणि शेती करणाऱ्याला शेतीविषयीं अधिकार नसेल तेथें शेतीचेंही तेंच होतें.

आज आरमाराचा गौरव पुष्कळ होतो. नौदलाच्या मुंबईतील ठाण्यास १९५१ पासून आंग्र्यांचें नांव आहे. २०२२ सालीं नौदलाच्या निशाणावर शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. खांदेरी बेटाला कान्होजींचें नांव दिलें गेलें. हें सर्व चांगलें झालें. परंतु नुसत्या गौरवाचें काय होतें, तेंही मालवणनें पाहिलें. तेथील राजकोटांत ४ डिसेंबर २०२३ रोजीं महाराजांचा मोठा पुतळा उभारला गेला, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तो कोसळला. २०२५ सालीं त्या जागीं दुसरा उभा केला. त्याच पुतळ्यासमोर, समुद्राच्या भर माऱ्यांत, पाथरवटांनीं बांधलेला सिंधुदुर्ग साडेतीनशेंहून अधिक पावसाळे खाऊन उभा आहे. काम जाणणाऱ्याच्या हाताला मान होता तेव्हां बांधलेलें, आणि घाईघाईनें उरकलेलें, यांतला फरक दाखविण्यास याहून दुसरें व्याख्यान नको.

मग आम्ही करावें काय? आतां हे किल्ले जगाचे झाले आहेत; तेथें नव्या पाट्या लागतील, नवीं पुस्तकें निघतील, परदेशचे लोक येतील. त्या पाट्यांवर राजाच्या व सरदाराच्या नांवाबरोबर कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी, सुतार, लोहार, पाथरवट यांचीं नांवें असावींत, अशी मागणी ग्रामसभांनीं ठराव करून केली पाहिजे. साल्हेरच्या पाटीपासून आरंभ करावा, कारण ती आमच्या जिल्ह्यांत आहे. आपल्या मुलांना किल्ला दाखवावयास न्याल, तेव्हां येथें कोण राहत होता एवढें सांगून थांबूं नका. हा दगड कोणीं चढविला, हेंही सांगा.

दुसरी गोष्ट घरांतली आहे. आमच्या प्रत्येक गांवांत संभाजी-मानाजी आहेत. बांधाच्या दोन हातांसाठीं भाऊ भावावर फिर्याद करतो, एका संस्थेंतले दोन गट व्यापाऱ्याच्या ओसरीवर जाऊन एकमेकांची चाहाडी सांगतात, आणि भाव पाडण्याची दोरी आपण होऊन त्याच्या हातांत देतात. भांडावयाचें तर घरांत भांडा, पंच बसवा, चार शब्द कमी-जास्त बोला. पण भावाला नमविण्यासाठीं बाहेरच्याला हुकूम देऊं नका. तो भावाला नमवील आणि मग तुमच्याकडे वळेल.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे ढीगच्या ढीग पडले आहेत. त्यांत कोणत्या बंदरास किती खलाशी होते, कोणत्या सुतारास किती मजुरी दिली, लढाईंत पडलेल्याच्या बायकोस काय दिलें, असले हजारों उल्लेख वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. मोडी वाचणारे थोडे, आणि त्यांत आमच्या घरचे तर फारच थोडे. आमच्या कुळवाड्यांच्या, कारागिरांच्या मुलामुलींनीं मोडी शिकावी. मोडी कांहीं वेद नव्हे, महिना-दोन महिने बसलें तर येते. तुमच्या माळ्यावरच्या पेटींत आजोबांनीं गुंडाळून ठेवलेला जुना कागद असेल, तर तो रद्दींत घालूं नका. वाचणाऱ्याकडून वाचून घ्या, त्याची नक्कल करून ठेवा. जोतीरावांनीं विद्येविना काय काय गेलें तें आम्हांस एकदां सांगून ठेवलें आहे. त्या यादींत आमचीं नांवेंही गेलीं, असें आम्ही जोडतों. वल्हें आमच्या हातांत होतें, लेखणी नव्हती, म्हणून आमचें आरमार दुसऱ्याच्या नांवावर चढलें आणि दुसऱ्याच्या सहीनें बुडालें. आतां लेखणी हातांत आली आहे. ती चालवा.